ठिपका हलत नाही, म्हणजे जहाज थांबलंय का?

प्रश्न : मुलगा तेलाच्या टँकरवर थर्ड ऑफिसर आहे. फुजैरा (संयुक्त अरब अमिरातीतलं बंदर) सोडल्यापासून मोबाइलवरच्या नकाशात जहाज एकाच जागी दिसतंय. शिवाय त्याच नावाची आणखी दोन जहाजं सापडतात. काळजीचं कारण आहे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही. ठिपक्याशेजारची वेळ बघा. जहाज तेव्हा तिथे होतं, एवढाच त्याचा अर्थ. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. जहाजाची ओळख आणि जागा कळवणाऱ्या एआयएस यंत्राचे संदेश व्हीएचएफ रेडिओवर जातात आणि किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच मिळतात. त्यापुढे उपग्रह लागतो, आणि त्याची माहिती फुकट खात्यात सहसा मिळत नाही. किनारा जवळ आला की ठिपका एकदम उडी मारेल.

नावाने शोधूच नका. मुलाकडून सात अंकी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, घ्या. नाव, झेंडा (नोंदणीचा देश), मालक बदलले तरी तो बदलत नाही. तो तपासताही येतो. ९०७४७२९ घ्या : पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज १३९ येते; तिचा शेवटचा अंक ९, तोच सातवा. नऊ अंकी एमएमएसआय (जहाजाच्या रेडिओचा ओळख क्रमांक) मात्र झेंड्याबरोबर बदलतो (भारतीय जहाजांचा ४१९ ने सुरू होतो).

जागा आणि वेग जीपीएसवरून आपोआप जातात. पुढचं बंदर, पोचण्याची वेळ, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते) आणि ‘नांगरावर’ की ‘चालू’ हे ब्रिजवरचा (जहाज चालवतात त्या कक्षातला) अधिकारी हाताने भरतो, म्हणजे कदाचित तुमचे चिरंजीवच! तेल उतरवूनही ड्राफ्ट १२.५ मीटरच दिसला, तर आकडा बदलायचा राहिला असं समजा. ‘चालू’ लिहिलंय पण वेग ०.२ नॉट (तासाला सागरी मैल), तर वेगावर विश्वास ठेवा.

‘बंदरात पोचलं’ हेही जपून वाचा. साइटने नकाशावर आखलेली बंदराची हद्द जहाजाने ओलांडली की ती नोंद पडते. बाहेर नांगरून रांगेत उभं असलं तरी. आपल्या कोयली रिफायनरीचं आयात क्रूड वाडिनारला भर समुद्रातल्या तरंगत्या बोयावर उतरतं आणि पाइपलाइनने येतं. तिथे मोठा टँकर धक्क्याला लागतच नाही.

प्रश्न : डेडवेट ५०,००० टन, म्हणजे तेवढं तेल?

उत्तर : थोडं कमी. डेडवेट म्हणजे जहाज पेलू शकेल ते एकूण वजन. त्यात जहाजाचं इंधन, पाणी, सामान आणि माणसंही धरलेली असतात. ग्रॉस टनेज मात्र वजन नव्हे, आतल्या जागेचं माप. दोन्हींची तुलना करू नका. झेंडा, बांधणीचं वर्ष, मालक हवे असतील तर इक्वासिस या जहाजांची माहिती देणाऱ्या साइटवर फुकट खातं उघडून आयएमओ क्रमांक टाका.