नाकाबंदीचा राग कोणावर?

प्रश्न : शिमग्याला गावी जाताना श्रीवर्धनच्या वाटेवर पोलिसांनी गाडीची डिकी उघडायला लावली. सरळमार्गी माणसाला हा मनस्ताप का?
– एक वाचक, म्हसळा

उत्तर : आपला त्रागा समजण्यासारखा आहे, पण जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरलेला चोरटा माल आपल्याच तालुक्यातील गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला आणि लाच घेऊन सोडून दिला, हे न्यायालयात सिद्ध झालेले आहे. पुढच्याच महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले आणि मार्चमध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. म्हणून डिकी उघडायला लावणाऱ्या शिपायापेक्षा ती न उघडता हात पुढे करणाऱ्याचाच मला अधिक संताप येतो. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखवणे बंधनकारक आहे, डिजिलॉकरमधला चालतो. दंड भरल्यास पावती मात्र अवश्य मागा.