वर्गणीच्या पैशातून सुपारी

प्रश्न : काका, मी निपाणीची, बेळगावात कॉलेजला आहे. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आई विड्या वळते. मे दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘अमेरिकेतील कामगार पुढाऱ्यांचे बळी’ हा विषय मिळालाय. शिकागोच्या फाशीपलीकडे मला काही माहीत नाही. त्यांना मालकांनीच मारलं ना? – एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुतेकांना मालकांनी, नाहीतर मालकांची तळी उचलणाऱ्या सरकारने. पण सगळ्यांना नव्हे, पोरी. एकाला त्याच्याच युनियनच्या अध्यक्षाने मारवलं, आणि तू त्याच्यावर बोलावंस असं मला वाटतं.

शिकागो सगळेच सांगणार. 4 मे 1886, हेमार्केट चौकातली सभा, पोलिसांवर पडलेला बॉम्ब. तो कोणी टाकला हे आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी 11 नोव्हेंबर 1887 ला ऑगस्ट स्पाइस, आल्बर्ट पार्सन्स आणि आणखी दोघे फासावर गेले. 1893 मध्ये तिथल्याच गव्हर्नरने खटला अन्यायाचा होता म्हणत तुरुंगात उरलेल्या तिघांना सोडून दिलं. फाशी गेलेल्यांना त्याचा काय उपयोग!

लडलो मात्र सोडू नकोस. कोलोरॅडोतल्या कोळसाखाणी, त्यातली सर्वांत मोठी कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली. खाणकामगारांची घरंही कंपनीचीच, त्यामुळे संप केला की बिऱ्हाड रस्त्यावर. ते बायकापोरांसह तंबूत राहिले, ऐन थंडीत. 20 एप्रिल 1914 ला सरकारी सैनिकांनी वस्तीवर मशीनगन चालवली आणि संध्याकाळी तंबू पेटवले. एका तंबूखाली गोळ्यांपासून लपायला खड्डा खणला होता. त्यात 2 बाया आणि 11 मुलं गुदमरून मेली. वस्तीचा पुढारी लुई टिकास हा ग्रीसहून आलेला तरुण. एका अधिकाऱ्याने त्याच्या डोक्यात बंदूक इतक्या जोराने हाणली की दस्ता मोडला. मग त्याला पाठीत गोळ्या घातल्या.

आता तो, ज्याला त्याच्याच अध्यक्षाने मारवलं. जोसेफ याब्लोन्स्की, लोक ‘जॉक’ म्हणत. खाणकामगारांच्या राष्ट्रीय युनियनचा जुना पदाधिकारी. नोव्हेंबर 1968 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन 78 कामगार गेले, आणि युनियनचा अध्यक्ष टोनी बॉईल तिथे जाऊन कंपनीचीच तारीफ करून आला. पुढच्या वर्षी याब्लोन्स्की त्याच्याविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला. डिसेंबर 1969 मध्ये हरला, पण मतमोजणीत लबाडी झाली म्हणून सरकारदरबारी दाद मागत राहिला. 31 डिसेंबरच्या रात्री तीन भाडोत्री मारेकरी घरात शिरले. तो, त्याची बायको आणि मुलगी, तिघांनाही गोळ्या घातल्या.

सुपारीचे पैसे कुठून आले, हा भाग नीट वाच. युनियनच्या तिजोरीतून 20 हजार डॉलर एका जिल्हा शाखेला गेले, ‘संशोधन आणि माहिती समिती’च्या खर्चासाठी. त्या शाखेतल्या निवृत्त म्हाताऱ्या कामगारांच्या नावे धनादेश निघाले. त्यांनी ते वटवले आणि रोकड गुपचूप परत केली. कागदोपत्री सगळं चोख! उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी युनियनचा खजिनदार होतो. वार्षिक हिशेब वाचताना चहाच्या बिलावरून कोणीतरी हुज्जत घालायचाच, आणि आमचे अध्यक्ष वैतागायचे. असे हुज्जतखोर सभासद मला देवमाणसं वाटतात.

1972 मध्ये कोर्टाने ती निवडणूक रद्द केली. नव्या निवडणुकीत बॉईल पडला. निवडून आला आर्नॉल्ड मिलर, कोळशाच्या धुळीने फुप्फुसं गेलेला खाणकामगार. 1974 मध्ये बॉईल खुनाच्या कटात दोषी ठरला.

तुझ्या भाषणात शिकागो दोन वाक्यांत उरक, लडलोला थोडा वेळ दे, बाकी सगळा याब्लोन्स्कीला. ‘म्हणजे युनियन वाईट का?’ असा तिरका प्रश्न परीक्षकांकडून येईलच. तेव्हा मिलरला मतं देणारे कोण होते ते सांग. त्याच युनियनचे सभासद. शिवाय घरी जाशील तेव्हा आईला विचार, त्यांच्या युनियनचा हिशेब शेवटचा कधी वाचला गेला.