कोकणकड्याचा पॅनोरमा घरच्या ए४ इंकजेटवर मोठा छापता येईल का?

येतो. तुमची फाइल १२००० × २५०० पिक्सेलची आहे म्हणता, म्हणजे उंची ८ इंच धरली तर लांबी साधारण ३८ इंच, आणि इंचाला ३०० च्या वर पिक्सेल. भरपूर झाले.

आधी प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंट सेटिंग्जमध्ये) 'कस्टम साइज' उघडून जास्तीत जास्त लांबी किती घेतो ते बघा. तेवढी घेत असेल तर रोलमधून कापलेली फोटो पेपरची पट्टी मागच्या ट्रेमधून घाला. मागचं टोक हाताने अलगद धरा, ओढू मात्र नका.

नसेल घेत, तर ४ आडवे ए४ कागद, प्रत्येक जोडाला अर्धा इंच तेच चित्र दोन्ही कागदांवर. चारही एकाच बैठकीत, नोझल चेक (शाई नीट सुटते का ती चाचणी) करून छापा. मी दोन आज, दोन उद्या छापले होते. आकाशाचा निळा जुळलाच नाही! रात्रभर सुकू द्या. मग दोन कागद चित्र जुळवून एकावर एक ठेवा, स्टीलची पट्टी लावून कटरने दोन्ही एकदमच कापा, मागून टेप. जोड दिसतो तो आकाशातच, कातळात नजर फसते. त्यामुळे आकाश थोडं क्रॉप केलंत तरी चालेल.