वाचक विचारतात: भोक पडलेला चांदीचा रुपया

प्रश्न: वाईजवळ जुन्या घराचा पाया खणताना चांदीचा रुपया मिळाला, 1840 आणि व्हिक्टोरिया राणी दिसतेय, पण वर भोक आहे. मग वाया गेला का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: वाया कशाला दादा! डीलर लोक भोक बघून भाव पाडतात हे खरंय, पण पुरातत्त्ववाल्यांना तेच भोक आधी बघायचं असतं. म्हणजे नाणं बाजारातनं उठून कुणाच्यातरी गळ्यात गेलं, आणि भोक राणीच्या डोक्यावर असेल तर माळेत चेहरा सरळ दिसावा म्हणून पाडलेलं असणार, आणि भोकाची कड जिकडं वर आलीय त्याच्या उलट बाजूनं ठोकलंय. कडा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर बरीच वर्षं दोऱ्यात होतं समजा. ईस्ट इंडिया कंपनीचा हा रुपया मुळात 11.66 ग्रॅमचा, तुमचा कमी भरेल, तेवढी चांदी भोकात आणि झिजेत गेली. नोंदीत वजन, व्यास, भोकाची जागा, सापडल्याची खोली सगळं लिहितात.

टूथपेस्टनं घासू नका प्लीज. आणि 1878 चा निखात निधी कायदा अजून आहे, जमिनीत पुरलेला 10 रुपयांच्या वरचा ऐवज मिळाला तर कलेक्टरला कळवावं लागतं, तेव्हा आधी साताऱ्याला अर्ज टाका.