मात्रा मागे पडते, विंडो गोठते

प्रश्न : तबल्याच्या क्लाससाठी पायथनच्या टीकिंटरमध्ये (विंडो आणि बटणं बनवायची लायब्ररी) छोटा प्रोग्रॅम केला आहे. 'सुरू' दाबलं की तीनतालाचा ठेका वाजतो. पण मग 'थांबा' बटण दाबलंच जात नाही, आणि थोड्या वेळात विंडोवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. वाजवण्यासाठी वेगळा थ्रेड, म्हणजे मुख्य कामाच्या जोडीने चालणारा धागा, लावून पाहिला, तरी तेच. शिवाय ठेका हळूहळू मागे पडतो. — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तक्रार एकच दिसते, पण तिच्यात तीन वेगळे दोष आहेत.

पहिला दोष विंडो गोठण्याचा. क्लिक, कळा, विंडो पुन्हा रंगवणं ही सगळी कामं टीकिंटरचा मेनलूप, म्हणजे सतत फिरणारा मुख्य फेरा, एकाच थ्रेडवर एकामागून एक उरकतो. बटणाच्या फंक्शनमध्ये तुम्ही आवाज संपेपर्यंत थांबलात, की मेनलूपही थांबला. 'थांबा'वरचा क्लिक रांगेत पडून राहतो. विंडोने साधारण ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज ती अडकली असं धरतं.

दुसरा दोष थ्रेड लावण्यात असणार, आणि तो बहुतेक वेळा दोन कंसांचा असतो. 'टार्गेट = वाजव()' असं लिहिलं, तर फंक्शन तिथल्या तिथे, मुख्य थ्रेडवरच चालतं, आणि नव्या थ्रेडला त्यातून परत आलेलं 'नन', म्हणजे काहीच नाही, मिळतं. कंस काढून नुसतं 'टार्गेट = वाजव' लिहा. पुढे थ्रेड सुरू करायला 'स्टार्ट' वापरा. 'रन' लिहिलंत तर पुन्हा मुख्य थ्रेडच अडकेल. संपलेला थ्रेड दुसऱ्यांदा सुरू होत नाही, 'रनटाइम एरर' येते. म्हणून दर वेळी नवा थ्रेड तयार करावा लागतो.

थ्रेड बाहेरून मारण्याची सोय पायथनमध्ये नाही, त्याला थांबायला सांगावं लागतं. 'थ्रेडिंग'मधला 'इव्हेंट' (थ्रेडला इशारा देणारी खूण) घ्या आणि ठरावीक वेळ झोपवणाऱ्या 'स्लीप'च्या जागी त्याचा 'वेट' वापरा. 'थांबा' दाबताच इव्हेंट 'सेट' करा, म्हणजे थ्रेड मात्रेच्या मध्येच जागा होऊन बाहेर पडेल. नुसत्या 'स्लीप'मध्ये तो ती मात्रा पुरी झोपूनच उठतो. विंडो बंद करतानाही हाच इव्हेंट सेट करा आणि थ्रेड 'डीमन' (मुख्य प्रोग्रॅमबरोबर संपणारा) ठेवा, नाहीतर विंडो गेल्यावरही ठेका चालूच राहील. मात्रेचा आकडा दाखवणारं लेबल मात्र या थ्रेडमधून बदलू नका. आकडा 'क्यू'मध्ये, म्हणजे रांगेत, टाका आणि मुख्य थ्रेडने 'आफ्टर' वापरून दर २० मिलिसेकंदांनी तो उचलावा.

आता तिसरा दोष, लयीचा. मिनिटाला १२० मात्रा म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. 'वाजव आणि ५०० थांब' असं लिहिलं, की वाजवण्यात गेलेला वेळ त्या ५०० वर चढतो. समजा दर मात्रेला ४ मिलिसेकंद जास्त गेले. सोळा मात्रांच्या एका आवर्तनात ६४ झाले आणि आठ आवर्तनांत ५१२, म्हणजे ठेका अख्खी एक मात्रा मागे! विद्यार्थी समेवर येतो तेव्हा यंत्र अजून सोळाव्या मात्रेवर असतं. त्यामुळे मागच्या मात्रेपासून मोजू नका. सुरुवातीची वेळ 'परफ काउंटर' या पायथनच्या अचूक घड्याळाने नोंदवा, मात्रा क्रमांक न ची वेळ सुरुवात अधिक न गुणिले ०.५ अशी काढा आणि तिथपर्यंत जेवढा वेळ उरला तेवढंच थांबा. एखादी मात्रा किंचित उशिरा पडेल, पण उशीर साठत जाणार नाही.

खरं तर ठेक्यासाठी थ्रेड हवाच कशाला? अख्ख्या आवर्तनाची एक वेव्ह फाइल करा आणि तीच फिरवा. सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं, म्हणजे नमुने, धरले, तर १२० च्या लयीत मात्रेला २२,०५० आणि आवर्तनाला बरोबर ३,५२,८०० नमुने होतात. १६ बिट मोनोमध्ये ही फाइल सात लाख बाइट्सच्या आसपास भरते, म्हणजे काहीच नाही. शेवटच्या 'धा'ची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, फाइलच्या टोकाला कापू नका. उरलेली आस सुरुवातीच्या नमुन्यांत मिसळा, नाहीतर प्रत्येक समेला 'टक' ऐकू येईल. एमपी३ नको, त्यात आगेमागे थोडी शांतता भरली जाते आणि जोड उघडा पडतो. मग 'विनसाउंड' या पायथनच्या विंडोजवरच्या आवाज-लायब्ररीतल्या 'प्लेसाउंड'ला 'असिंक' (न थांबता परत ये) आणि 'लूप' (पुन्हा पुन्हा वाजव) हे दोन्ही फ्लॅग द्या. फंक्शन लगेच परततं आणि विंडो मोकळी राहते. थांबवायला त्याच फंक्शनला फाइलऐवजी 'नन' द्या. लय बदलली की फाइल नव्याने तयार करावी लागते, एवढाच त्रास.

प्रश्न : टायपिंगच्या सरावासाठी प्रत्येक कळेला 'टक' आवाज दिला आहे. दर कळेला नवा थ्रेड सुरू होतो. मुलं वेगात टाइप करू लागली की आवाज बोटांच्या मागे राहतात. — एक वाचक, हडपसर

उत्तर : मिनिटाला ४० शब्द, शब्दाला पाच कळा धरल्या तर सेकंदाला तीन-साडेतीन थ्रेड होतात. एवढे थ्रेड संगणकाला जड नाहीत. प्रत्येक थ्रेड फाइल पुन्हा उघडतो आणि वाचतो, तिथे वेळ जातो. थ्रेड काढूनच टाका. 'पायगेम' या पायथनच्या खेळ-लायब्ररीतला आवाज वाजवणारा मिक्सर घ्या, आवाज प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा लोड करा आणि कळेवर फक्त 'प्ले' म्हणा. तो थांबून राहत नाही. बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठतो ती जागा, ५१२ नमुन्यांचा असला तर सुमारे १२ मिलिसेकंदांचा उशीर होतो, तो जाणवत नाही. ४०९६ चा केला तर ९३, आणि तो बोटांना कळतो. मिक्सरला मुळात आठ चॅनल असतात, म्हणजे एका वेळी आठच आवाज वाजतात. आठही भरलेले असले की नववा आवाज गुपचूप गळतो, म्हणून 'टक' छोटा ठेवा. इथे 'विनसाउंड' चालणार नाही, कारण त्यात नवा आवाज आधीच्याला तोडतो.

प्रश्न : जावाच्या स्विंगमध्ये (विंडो बनवायची लायब्ररी) 'क्लिप', म्हणजे लोड केलेला आवाज, वाजवताना पुढे 'स्लीप' दिला आहे, तेवढा वेळ लेबल बदलत नाही. दुसऱ्यांदा बटण दाबलं तर आवाजच येत नाही. — एक विद्यार्थिनी, वारजे

उत्तर : 'स्लीप' काढा. 'क्लिप'चा 'स्टार्ट' स्वतःच लगेच परततो. दुसऱ्यांदा आवाज येत नाही, कारण क्लिप शेवटाला जाऊन उभी आहे. आधी 'सेटफ्रेमपोझिशन'ला शून्य द्या. वाजून संपल्यावर लेबल बदलायचं असेल तर क्लिपच्या घटना कळवणाऱ्या 'लाइनलिसनर'मध्ये 'स्टॉप' पकडा आणि लेबलची ओळ 'इन्व्होकलेटर'मध्ये घाला, म्हणजे ती स्विंगच्या स्वतःच्या थ्रेडवर चालेल.