रुग्णालयातलं रिसायकलिंग सुधारायचं तर सुरुवात कुठून करावी?

डबे लावूनही रिसायकलिंग फसतंय, हा तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण आमच्याकडे अगदी हेच घडलं होतं. मजल्यामजल्यावर रंगीत डबे, भिंतीवर पोस्टर, आणि थोड्याच दिवसांत भंगारवाल्याने गाडी परत पाठवली, पुठ्ठ्यात रक्ताचे हातमोजे निघाले म्हणून. तुम्ही विचारलंय की अजून डबे घ्यावेत की अजून ट्रेनिंग द्यावं, आणि समितीत कोण असावं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, बऱ्याच वर्षांची. माझं ऐकाल तर सध्या दोन्ही नको. एक जागा आणि एक वेळ धरा: जागा ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, आणि वेळ पेशंट टेबलवर यायच्या आधीची.

केस लागायच्या आधी आम्ही ट्रॉली मांडतो तेव्हा काय होतं ते एकदा उभं राहून बघा. निर्जंतुक केलेल्या प्रत्येक वस्तूवर दोन-दोन वेष्टनं. उपकरणांच्या सेटवरचं निळं रॅप, गाऊनची पाकिटं, सिरिंजची आवरणं, पुठ्ठ्याची खोकी, सलाईनवरची बाहेरची पिशवी. यातल्या कशालाच रक्त लागलेलं नसतं, कारण पेशंट अजून आतच आलेला नाही. पण खोलीत उघडी असते ती बायोमेडिकलची, म्हणजे संसर्गजन्य कचऱ्याची पिशवी, मग सगळं तिच्यातच जातं. पुढे त्यावर रक्ताचा एक बोळा पडला की अख्खी पिशवी संसर्गजन्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्यासारखाच साधा असतो. आपण तो मिसळतो आणि मग जाळण्याचे पैसे भरतो.

आम्ही भिंतीकडे एक पारदर्शक पिशवी लावली. ट्रॉली मांडताना निघालेलं सगळं तिच्यात. पेशंट दारात आला की मावशी गाठ मारून ती बाहेर नेतात. केस चालू असताना ती पिशवी खोलीत नसतेच, त्यामुळे तिच्यात चुकीचं काही पडायचा प्रश्न येत नाही. भंगारवाल्यालाही आतलं दिसतं. ट्रेनिंग लागलं ते पाच मिनिटांचं.

त्याआधी एक काम मात्र करा: भंगार घेणाऱ्याला ओटीच्या कचऱ्याचे नमुने दाखवा आणि काय घेणार ते विचारा. निळं रॅप दिसतं कागदासारखं, पण ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिक असतं. आम्ही कित्येक दिवस ते कागदात टाकत होतो! सोलून उघडायची पाकिटं तर एका बाजूने कागद, दुसऱ्या बाजूने प्लास्टिक. दोन्ही वेगळं केल्याशिवाय कोणी हात लावत नाही आणि केसच्या घाईत ते करत बसायला कोणाला वेळ नसतो. ती सोडून द्या. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांनी मोजक्याच वस्तू धरल्या: सलाईनच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या, ऑक्सिजन मास्क आणि त्यांच्या नळ्या. त्यापासून बागेच्या नळ्या आणि खेळाच्या मैदानावरच्या मॅट बनतात. यादी छोटी असल्यामुळे ती कर्मचाऱ्यांच्या लक्षात राहते. शिवाय पीव्हीसी नीट जाळलं गेलं नाही तर त्यातून डायऑक्सिन हे विषारी रसायन निघतं, म्हणजे भट्टीत जाऊ न देण्यासारखी वस्तू तीच. बाहेर देताना पेशंटच्या नावाचं लेबल काढा आणि रिकाम्या बाटल्या कापूनच द्या, नाहीतर त्या पुन्हा भरून विकल्या जायची भीती असते.

आता थोडं कडू बोलते. रिसायकलिंगचे आकडे समितीच्या अहवालात छान दिसतात, पण खरा फरक पडतो तो वस्तू उघडलीच नाही तर. भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. तिथल्या एका मोतीबिंदू शस्त्रक्रियेमागचं कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे ५ टक्के भरलं. अरविंदमध्ये उपकरणं झटपट निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, एकाच खोलीत दोन टेबलं चालवतात, आणि जंतुसंसर्ग वाढलेला नाही. प्रत्येक रुग्णालयाला हे जमेल असं नाही, नियम आड येतात. पण कोणत्या सर्जनसाठी केसला काय काय काढून ठेवायचं ती सामानाची यादी तर आपल्या हातात आहे ना? आमच्याकडे काही याद्या नोकरी सोडून गेलेल्या सर्जनच्या नावाने चालू होत्या. महिनाभर न वापरता फेकलेल्या वस्तूंवर खुणा केल्या आणि मग यादीत ‘उघडा’ आणि ‘जवळ ठेवा, उघडू नका’ असे दोन भाग केले. दोन सर्जन रुसले, पण केस कुठलीच अडली नाही.

हातमोज्यांचंही तसंच. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने २०१८ मध्ये गरज नसताना हातमोजे घालणं कमी करण्याची मोहीम घेतली आणि पहिल्या वर्षात २१ टन प्लास्टिक वाचलं. रक्त-लघवीशी संबंध नसेल तर हात धुणं पुरतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं, आम्ही विसरतो.

आणि जो कचरा पिशवीत दिसतच नाही तो, म्हणजे भुलीचा वायू. डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरतो, सेव्होफ्लुरेन या दुसऱ्या भुलीच्या वायूच्या दहापटीहून जास्त. स्कॉटलंडने तो २०२३ मध्ये बंद केला. तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा, बहुतेक केसमध्ये त्याच्यावाचून अडत नाही. नायट्रस ऑक्साइड या भुलीसाठीच्याच आणखी एका वायूची पाइपलाइन असेल तर वर्षभरात विकत घेतलेला आणि पेशंटला प्रत्यक्ष दिलेला वायू यांचा मेळ घालून पाहा. फरक मोठा निघाला तर गळती शोधा. ते काम देखभाल विभागाचं, पण त्यांना कोणी विचारतच नाही.

समितीत म्हणूनच एक भूलतज्ज्ञ, स्टोअर सांभाळणारे, निर्जंतुकीकरण विभागातलं कोणीतरी, देखभालीचा माणूस आणि पिशवीची गाठ मारणाऱ्या मावशी हव्यात. बैठक मावशींच्या ड्यूटीच्या वेळेत ठेवा. आमची पहिली बैठक संध्याकाळी पाचला होती आणि त्यांची शिफ्ट तीनला संपायची.