रक्त नॉर्मल, मग तुकडा कशाला?

प्रश्न : आमचे दाजी डाव्या गालात तंबाखूची गोळी धरतात. तिथंच पांढरा चट्टा आलाय, मधे लालसर. लॅबमध्ये ‘कॅन्सर पॅकेज’ केलं. सीईए, पीएसए सगळं नॉर्मल. तरी डॉक्टर तपासणीसाठी चट्ट्याचा तुकडा काढायचा (बायोप्सी) म्हणतात. गावात म्हणतात, तुकडा काढला की रोग पसरतो. काय करावं?
– एक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, पॅकेजचे पैसे पाण्यात गेले. सीईए मुख्यतः आतड्याच्या कॅन्सरवर उपचार झाल्यावर लक्ष ठेवायला, पीएसए प्रोस्टेटसाठी. गालाशी त्यांचं देणंघेणं नाही. एससीसी अँटिजेन, सायफ्रा २१-१ हे प्रथिनांचे घटक तोंडाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकतात, पण बहुधा रोग वाढल्यावर; आणि कातडीच्या, किडनीच्या दुखण्यातही वाढतात. त्यांच्यावरून निदान करत नाहीत.

निदान होतं तुकड्यावरच. माझी नोकरी स्लाइडी बघण्यातच गेली, म्हणून सांगते: तुकडा लालसर भागातून घ्यायला हवा. नुसत्या पांढऱ्यातून घेतला तर नेमकी जागा हुकते. आणि तो फॉर्मालिनमध्येच, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या द्रावात, टाकायचा. सलाईनच्या बाटलीत घालून कुणाच्या तरी हाती एसटीनं पाठवलेले तुकडे यायचे आमच्याकडे. झाकण उघडलं की वासावरूनच कळायचं, हा पुन्हा काढावा लागणार.

बिघडलेल्या पेशी अस्तराखालचा पडदा ओलांडून आत शिरल्यात का, हे बहुतेक वेळा साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर दिसतं. पेशी ओळखू येईनाशा झाल्या, तरच पी४०, सायटोकेराटिन असे मार्कर, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखायच्या खास चाचण्या, त्याच तुकड्यावर लावतो. पी१६ लागतो तो टॉन्सिल नि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरला, एचपीव्ही विषाणूच्या शोधासाठी. पहिला रिपोर्ट यायच्या आधीच कुणी महागड्या मार्करांची यादी हातात दिली, तर कशासाठी ते खुशाल विचारा.

तुकड्यानं रोग पसरत नाही. लोक येतात उशिरा, तोवर तो आतून वाढलेला असतो. नंतर गाठ दिसली की खापर तुकड्यावर फुटतं.

परभणीत सोय झाली नाही तर संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा कर्करोग रुग्णालय गाठा. रिपोर्टात ‘डिसप्लेझिया’ (पेशी बिघडू लागल्यात, पण आत शिरलेल्या नाहीत) असेल तर तो कॅन्सर नव्हे, पण चट्टा काढून टाकायचा का, हे तिथंच विचारून घ्या. आणि हो, दाजी सुपारीही खातात का? उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तर गाल आखडू लागलेत. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.